घरच्या कडधान्याला भुंगेऱ्यापासून वाचवा

तूर, मूग, चवळी घरी पिकवूनही अनेक कुटुंबांना पावसाळ्यात डाळ विकत आणावी लागते. कारण साठवलेले धान्य भुंगेऱ्याने पोखरलेले असते. या किडीची सुरुवात बऱ्याचदा शेतातच होते. मादी पक्व शेंगांवर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत वाढते. त्यामुळे वरून चांगला दिसणारा दाणाही किडका असू शकतो.

• धान्य कडक उन्हात २ ते ३ दिवस पातळ पसरून वाळवावे. दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे.
• सावलीत पूर्ण थंड करूनच कोठीत भरावे. गरम धान्य भरल्यास आत ओल धरते.
• कोठी आधी साफ करून उन्हात तापवावी. जुने धान्य नव्यात मिसळू नये.
• अख्ख्या कडधान्याला किलोमागे ५ मिलि खाद्यतेल चोळावे. त्यामुळे अंडी उबत नाहीत.
• शक्य तेवढ्या तुरीची डाळ करून ठेवावी. भुंगेरा मुख्यतः अख्ख्या दाण्यात वाढतो.
• झाकण घट्ट लावावे. दर १५ दिवसांनी धान्य पाहावे. दाण्यावर पांढरे ठिपके, म्हणजे अंडी दिसल्यास पुन्हा ऊन द्यावे व तेच धान्य आधी वापरावे.

खाण्याच्या धान्यात कीटकनाशक पावडर मिसळू नये. राहत्या घरात धुरीच्या गोळ्या वापरू नयेत. त्यांचा वायू जीवघेणा असतो.