ऑरियस
ऑरियस हे प्राचीन रोममधील सोन्याचे प्रमुख नाणे होय. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'सोन्याचा' असा होतो. चांदीच्या २५ दिनारियसांबरोबर एका ऑरियसचे मूल्य समान मानले जाई. ज्युलियस सीझरच्या काळापासून ही नाणी मोठ्या संख्येने पाडली जाऊ लागली.

वजन
सीझरच्या काळी एका रोमन पौंड सोन्यातून ४० नाणी पाडली जात. त्यामुळे एका नाण्याचे वजन सुमारे ८ ग्रॅम भरे. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ही संख्या ४५ केली, तर कॅराकलाने ५० केली. चौथ्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टंटाइनने एका पौंडात ७२ या प्रमाणाचे 'सॉलिडस' हे नाणे रूढ केले आणि ऑरियस मागे पडला.

नाण्यांवरील चित्रण
इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या हयातीतच त्याची मुखप्रतिमा रोमच्या चांदीच्या नाण्यांवर उमटली. ऑगस्टसपासून ही प्रथा स्थिरावली. दर्शनी बाजूस बहुधा लॉरेलच्या पानांचा मुकुट धारण केलेले सम्राटाचे मस्तक व सभोवती त्याच्या पदव्या, तर मागील बाजूस देवता, वास्तू किंवा विजयाचे दृश्य असे. क्लॉडियसच्या ऑरियसवर ब्रिटनवरील विजयाची कमान आहे. व्हेस्पेशियनच्या ऑरियसवर विजयचिन्हाखाली शोकमग्न बसलेल्या स्त्रीच्या रूपाने पराभूत ज्यूडिया दाखविली आहे. जेत्याचा गौरव जिताच्या दुःखातूनच साकारलेला दिसतो.

नाणे हा इतिहासाचा पुरावा असला, तरी तो राज्यकर्त्याने घडविलेला पुरावा आहे. सेप्टिमियस सेव्हेरसच्या एका ऑरियसवर राणी जुलिया डोम्ना आणि तिचे पुत्र कॅराकला व गेटा यांच्या प्रतिमा असून 'युगाचे सौख्य' अशा अर्थाचा लेख आहे. पुढे इ.स. २११ मध्ये कॅराकलाने गेटाची हत्या करविली आणि त्याच्या प्रतिमा व नाव पुसून टाकण्याचा आदेश दिला.

भारतातील ऑरियस
सागरी व्यापारातून ही नाणी भारतात आली. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा निधी सापडला. त्यातील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. या घावांच्या हेतूविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि रोमच्या सत्तेबाहेर या नाण्यांची किंमत मुखप्रतिमेपेक्षा सोन्यावर ठरत असावी, असे त्यांवरून दिसते.