धूळ नव्हे, कोरडे फडके गाडीची चमक घालवते

ईद जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांत गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. वर्षानुवर्षे बचत करून किंवा हप्ते भरून घेतलेली गाडी नव्यासारखी दिसावी, असे कुणाला वाटणार नाही? पण दोन-तीन वर्षांत बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे दिसू लागतात. काळ्या गाडीवर ते उन्हात लगेच डोळ्यांत भरतात. आपण रंगाला नावे ठेवतो. खरे कारण बहुतेक वेळा रोज सकाळी गाडीवर फिरवलेले कोरडे फडके असते.

आपल्याकडची धूळ साधी नाही. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याची राख निघते. घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाच्या ट्रकांतून काळी भुकटी उडते. गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटची धूळ. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात, तिथे सगळे लालच लाल. यातल्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असते. सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. म्हणजे कोरड्या फडक्याने राख पुसणे हे बारीक सँडपेपर फिरवण्यासारखेच झाले.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती याच थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. हा थर एकदा झिजला की भरून येत नाही. म्हणून नियम एकच: आधी पाणी, मग हात.

धुण्याची रीत अशी ठेवा. गाडी सावलीत लावा आणि बॉनेट थंड होऊ द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू लगेच वाळून डाग पडतात. आधी नुसते पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या, एक कार शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचे फडके शाम्पूत बुडवून छतापासून खाली पुसत या आणि दरवेळी साध्या पाण्यात खळखळून घ्या. चाके सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका, त्याने वॅक्स निघून जाते. धुतल्यावर लगेच टिपून घ्या, कारण बोअरचे पाणी जड असेल तर वाळताना पांढरे ठिपके सोडते.

सिमेंटच्या धुळीवर दव पडले तर ती घट्ट बसते, म्हणून ती वेळीच धुवावी, नखाने खरवडू नये. झाडाखाली लावलेल्या गाडीवर पक्ष्यांची विष्ठा पडली तर ओले फडके पाच मिनिटे ठेवा, मग अलगद उचला. जंगलभागात वायपरखालच्या फटीत पालापाचोळा साचतो आणि पाणी जायची वाट बंद होते. पावसाळ्याआधी तो हाताने काढा. पावसाळ्यानंतर गाडीच्या खालचा चिखलही धुवून घ्या, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

पॉलिश आणि वॅक्स एकच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते क्लिअर कोटचा थोडा भाग काढून ओरखडे सपाट करते. म्हणून ते क्वचितच करावे. वॅक्स वरून पातळ थर चढवते, काही काढत नाही. वॅक्स शिल्लक आहे का, हे पाणी टाकून कळते. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर आहे, पाणी पसरले तर पुन्हा लावायची वेळ झाली. आपल्या उन्हात वॅक्स लवकर उतरते, तेव्हा एकदा उन्हाळ्याआधी आणि एकदा पावसाळ्यानंतर लावणे बरे. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते, पण कोरड्या फडक्यापासून तेही पूर्ण वाचवत नाही.

आता पाण्याचे बोलू. नळीखाली १५ लिटरची बादली मिनिटात भरत असेल, तर पंधरा मिनिटे सोडलेली नळी २२५ लिटर पाणी घालवते. वरच्या रीतीने तीन-चार बादल्यांत, म्हणजे ६० लिटरच्या आत काम होते. वुजू करतानाही पाणी जपून वापरायची आपल्याला शिकवण आहे, तर गाडीसाठी ते नालीत का सोडायचे? आणि गाडी नदीत किंवा तलावात उतरवून धुणे तर नकोच. इंजिनचे ऑइल आणि साबण त्याच पाण्यात मिसळतात, जिथे पुढे जनावरे पाणी पितात.

आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये, वॉशिंग सेंटरवर काम करतात. ‘नुसते धुणे’ म्हणून त्यांच्या कामाला कमी लेखू नये. कोणता डाग कशाने निघतो, पॉलिशचे मशीन कुठे थांबवायचे, हे जाणणाऱ्या हाताला डिटेलिंगच्या कामात चांगला मोबदला मिळतो. चाकांसाठी अ‍ॅसिडचे द्रावण वापरताना हातमोजे घातलेच पाहिजेत, हे मात्र त्यांना घरून बजावा. आणि उद्या सकाळी गाडी पुसायला कुणी कोरडे फडके उचलले, तर आधी हातात पाण्याचा मग द्या.