लाल मिरची : तोडणीपासून बरणीपर्यंत



रेडिओवर ऐकलेलं कामाच्या गडबडीत विसरायला होतं. म्हणून मिरचीच्या वाळवणीची आणि साठवणीची माहिती या पत्रकात दिली आहे. घरातल्या मंडळींना वाचून दाखवा आणि खळ्यावर जाताना जवळ ठेवा.

मिरची पिकवायला आपल्याला कोणी शिकवायला नको. कोकणात भात निघाल्यावर लावलेली असो, नंदुरबारची असो की भिवापूरची, झाड जोमदार वाढतं आणि लालभडक लगडतं. नुकसान होतं ते नंतर, तोडणी झाल्यापासून माल विकेपर्यंतच्या दिवसांत.

माल जातो कुठे?

एप्रिल-मे महिन्यात मुंबईत वर्षाचा मसाला करायची घाई असते. घाटकोपरचं उदाहरण घ्या. भटवाडी, असल्फा या भागांतून सातारा, सांगली, रत्नागिरीकडची कितीतरी कुटुंबं राहतात. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी असा मेळ घालून ती मिरची घेतात, उन्हं दाखवतात आणि डंखावर कुटून आणतात. तो मसाला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. घर दहा बाय बाराचं, त्यात जून ते सप्टेंबर मुंबईची दमट हवा. तुमच्या मिरचीत ओल राहिली असेल, तर ती तुमच्या खळ्यावर दिसणार नाही. श्रावणात त्यांच्या बरणीत दिसेल. मग ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तुमच्याकडे कशाला येईल?

तोडणी कधी आणि कशी?

1. फळ देठापर्यंत पूर्ण लाल झाल्यावरच तोडा. अर्धवट हिरवं फळ वाळल्यावर पिवळट, पांढरट पडतं. व्यापारी त्याला फटकी म्हणतो आणि भाव पाडतो.

2. सकाळचं दव उडाल्यावर तोडणी करा. ओलं फळ ढिगात तापतं आणि कुजतं.

3. देठासकट तोडा. देठ निघालं की तिथे भोक पडतं आणि बुरशीला, किडीला वाट मिळते. देठ खुडायचं ते कुटायच्या वेळी.

4. काळे डाग पडलेली, सडकी फळं शेतातच वेगळी काढा. एक सडकं फळ शेजारच्या दहांना लागतं.

5. कीडनाशक फवारलं असेल तर डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पुरे झाल्याशिवाय तोडणी करू नका.

वाळवण

तोडलेली मिरची एक-दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरट ढीग करून ठेवा. थोडी कच्ची राहिलेली फळं त्यात रंग धरतात. त्यानंतर उन्हात घाला.

उघड्या जमिनीवर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यावर घालू नका. माती, शेण आणि बुरशी, तिन्ही चिकटतात. सिमेंटचं खळं, स्वच्छ ताडपत्री किंवा बांबूच्या मांडवावर टाकलेली चटई उत्तम. मांडवाला खालूनही वारा लागतो. थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड नको. दिवसातून दोन-तीनदा हलवा. कुत्री, कोंबड्या येऊ देऊ नका. दिवस मावळायच्या आत गोळा करून झाका, कारण दिवसभर सुकवलेलं रात्रीचं दव परत ओलं करतं. ऊन चांगलं असेल तर साधारण आठ ते पंधरा दिवस लागतात. वाळल्यावरही उन्हात पडू देऊ नका, रंग उडतो.

वाळली हे कसं ओळखायचं?

मूठभर मिरची कानाशी हलवा. बियांचा खुळखुळ आवाज आला पाहिजे. फळ वाकवलं तर चामड्यासारखं लवता कामा नये, कडकन मोडलं पाहिजे. तेव्हा आत शंभराला दहा भाग किंवा त्याहून कमी ओल राहिलेली असते.

दीड किलोचा मोह

आता तुम्ही म्हणाल, एवढी कडक वाळवली तर वजन घटतं. बरोबर आहे. पण हिशेब करून पाहू. ताज्या लाल मिरचीत शंभराला 75 भाग पाणी धरलं, तर 100 किलो मिरचीत घन भाग 25 किलो. 10 टक्के ओलीपर्यंत वाळवली तर हाती येते सुमारे 28 किलो. 15 टक्क्यांवर थांबलात तर साडेएकोणतीस किलो. म्हणजे फायदा दीड किलोचा, आणि त्यासाठी सगळं पोतं पणाला! भरताना फळं मोडू नयेत म्हणून काहीजण पाणी शिंपडतात. त्यातही हेच होतं.

ओलसर मिरचीत अस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे. मिरची धुतली, भाजली, कालवणात शिजवली तरी ते पुरतं जात नाही. युरोपातले देश किलोमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन असलेली मिरची घेत नाहीत. पण परदेशाचं कशाला, आपल्याच लेकरांच्या ताटात ती वाढायची आहे. बुरशी आलेली मिरची चांगल्या मालात मिसळू नका आणि जनावरालाही घालू नका.

साठवण

मिरची पूर्ण थंड झाल्यावरच भरा. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं कोरडं पोतं घ्या आणि तोंड घट्ट बांधा. नाहीतर पावसाळ्यात सुकी मिरची हवेतली ओल परत ओढते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. साठवणीत कीडनाशक पावडर टाकू नका. रंग किंवा तेल चोळून माल चमकवू नका. ती भेसळ आहे आणि गुन्हाही.

घरासाठी अख्खी मिरची ठेवून लागेल तसं कुटणं चांगलं, कारण तिखटापेक्षा अख्खी मिरची जास्त टिकते. तिखट कोरड्या बरणीत दाबून भरा. हिंगाचे खडे घालायची आपली रीत आहे, जरूर घाला. पण हिंगाने ओल जात नाही. ओला चमचा मात्र कधीच नको.

हिरवी जास्त झाली तर?

बाजार पडला की हिरवी मिरची कवडीमोल जाते. जाड, कमी तिखट फळांना चीर देऊन मीठ, धणे, मेथी, हिंग भरा, ताकात भिजवा आणि कडक वाळवा. ही सांडगी मिरची वर्षभर तळून खाता येते आणि बचत गटाला विकताही येते.

हातांची आग होत असेल तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. डोळ्यांना हात लावू नका.

ध्यानात ठेवा : पूर्ण लाल झाल्यावर तोडा, जमिनीपासून वर वाळवा, रात्री झाका, कडकन मोडेपर्यंत थांबा आणि हवाबंद भरा. पाणी शिंपडून वजन वाढवू नका.