एका शब्दाची कसोटी

स्थलांतरिताची ओळख ही त्याच्या स्वाधीन असलेली गोष्ट आहे, अशी एक समजूत आहे. वस्तुतः यजमान समाजात परक्यांविषयी द्वेष बळावला की ती ओळख ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जातो. आणि त्या निवाड्याचे पहिले साधन बहुधा भाषा हेच असते. दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

शेजारच्या देशांतील मजूर तेथील खाणींत फार पूर्वीपासून येत. १९९४ साली वर्णभेदी राजवट संपल्यानंतर झिंबाब्वे, मोझांबिक, मलावी येथून अनेक जण नव्या आशेने जोहान्सबर्गला आले. त्यांना तुच्छतेने 'मकवेरेक्वेरे' म्हटले जाते. परक्यांच्या न कळणाऱ्या बोलण्याच्या नकलेतून हा शब्द आला, असे सांगतात. अस्फुट बोलणारा तो 'म्लेच्छ', हा आपल्याकडील अर्थ येथे सहज आठवतो.

मे २००८ मध्ये अलेक्झांड्रा वस्तीत हिंसा उसळली व अन्यत्र पसरली; ६२ माणसे मेली. संशयितांना कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात, असे जमाव विचारी. 'इंदोलोल्वाने' हे त्याचे उत्तर. बाजारातील देवघेवीपुरती झुलू शिकलेल्याला हा शब्द कोठून ठाऊक असणार? म्हणून कोणी उच्चार घोटून घेतो, कोणी पोशाख बदलतो, कोणी प्रवासात मौन पाळतो. हा केवळ दंभ नव्हे. तो जीव वाचविण्याचा व्यवहार आहे. मात्र त्यासाठी घरच्या भाषेला घरातच कोंडून ठेवावे लागते, हे त्याचे मोल होय.

परंतु मृतांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. ज्या देशाला १९९४ नंतर अकरा अधिकृत भाषा होत्या, तेथे एका भाषेतील एक शब्द नागरिकत्वाचा पुरावा कसा ठरावा?

फास्वाने म्पे यांच्या 'वेलकम टू अवर हिलब्रो' (२००१) या कादंबरीने हे मर्म त्या हिंसेपूर्वीच ओळखले होते. परक्यांना दोष देणारी रेफिल्वे इंग्लंडमध्ये जाते, आफ्रिकी माणसांना मिळणारी वागणूक पाहते, आणि आजारी होऊन परतल्यावर स्वतःच्या गावातच परकी ठरते. द्वितीय पुरुषी निवेदनामुळे वाचकालाही अलिप्त राहता येत नाही. परकेपण हे माणसाचे लक्षण नसून पाहणाऱ्याने मारलेला शिक्का आहे, आणि तो कोणावरही उमटू शकतो, हा या कृतीचा आशय आहे.