राखणीला बॅटरी कोणती?

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास तुमचे कुणी नातेवाईक शेती करतात का? करत असतील तर विचारा त्यांना, रात्रीची झोप कशी लागते! रानडुकरं आणि रोही कळपानं शिरतात अन् उभ्या पिकाची नासाडी करतात. मग जागलीला जावंच लागतं.

काहीजण वैतागून कुंपणाच्या तारेत घरचीच वीज सोडतात. हे कधीही करायचं नाही, बरं का! तो गुन्हा आहे. अशा तारेनं विदर्भात वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत. कारण ही वीज सतत वाहत राहते.

झटका मशीनचं तसं नसतं. ती हजारो व्होल्टचा झटका देते, पण सेकंदाला साधारण एकदाच आणि तोही निमिषापुरता. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. ही मशीन बॅटरीवर चालते आणि बॅटरी सोलर प्लेटवर भरते.

मग बॅटरी केवढी घ्यावी? चला, गणित मांडू. समजा, मशीन अर्धा अँपिअर वीज घेते आणि रात्री १२ तास चालते. ०.५ × १२ = ६ अँपिअर-तास. पावसाची झड लागली, तीन दिवस ऊन नाही, तर लागतील १८. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करत गेलं की ती लवकर म्हातारी होते! म्हणून घ्यायची ३६ ची. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्के वापरता येते, तिथं २३ ची पुरते. ती हलकी आणि टिकाऊ, पण महाग. तिला चार्जरही तिच्याच जातीचा लागतो.

“ट्रॅक्टरची बॅटरी लावली तर?” काका विचारतील. ती इंजिनाला एकदम जोराचा धक्का देण्यासाठी बनवलेली असते. रोज रात्रभर हळूहळू वीज द्यायला जाड नळ्यांची ट्यूब्युलर बॅटरीच बरी. मोटारीतल्या फिरत्या घराचे दिवे-पंखेही याच हिशेबानं चालवतात.

शिशाच्या बॅटरीत आम्ल असतं. तेव्हा तिच्यात डिस्टिल्ड वॉटर मोठ्यांनीच घालायचं. तुम्ही मशीनवरचा अँपिअरचा आकडा वाचा आणि बाबांबरोबर हिशेब मांडा. बॅटरी मध्यरात्री दगा देणार नाही, तर तारेत घरची वीज सोडायचा मोहही कुणाला होणार नाही!