नर्तकाचे हत्यार आणि गुरूची जबाबदारी

होळी जवळ आली म्हणजे कळसाडीत आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील गावोगावी ढोल घुमू लागतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे अशा थाटात तेथे बुध्या रात्रभर नाचतात. या नाचाला वर्ग नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. पोर मोठ्यांच्या मागे फेरात शिरते, चुकते, पुन्हा पाय उचलते, आणि चार होळ्या गेल्या की त्याला ठेका साधतो. येथे सारा फेर हाच गुरू असतो.

समकालीन नृत्य असे शिकता येत नाही. त्यासाठी बहुधा शहर गाठावे लागते आणि तेथे फेराची जागा एकटा शिक्षक घेतो. तो काय शिकवितो, आणि शिकविताना त्याने काय सांभाळले पाहिजे, याचा विचार येथे करावयाचा आहे. कामगार संघटनेत हयात गेलेल्या माणसाने नृत्यावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु गिरणीतील यंत्र मालकाचे असते. ते मोडले तर दुसरे येते. नर्तकाचे हत्यार म्हणजे त्याचे स्वतःचेच शरीर. ते मोडले तर बदली मिळत नाही. म्हणून हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही.

विसाव्या शतकात बॅलेची बंधने झुगारून पाश्चात्त्य नर्तकांनी आधुनिक नृत्य उभारले. समकालीन नृत्य त्याच्याच वाटेने पुढे आले. मार्था ग्रॅहम यांनी श्वासाबरोबर धड आकसणे व सैल सोडणे यावर आपले तंत्र बांधले. डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणे आणि सावरणे यावर. हे झाले शरीराचे शिक्षण. दुसरे शिक्षण रचनेचे. भरतनाट्यम् किंवा कथक शिकणारा प्रथम परंपरेने आलेल्या रचना आत्मसात करतो. समकालीन नृत्यात मात्र शिक्षक लवकरच एखादा विषय देऊन म्हणतो, ‘यावर तुझे तू काही करून दाखव.’ पहिल्या शिक्षणात गुडघा दुखावण्याचे भय असते, तर दुसऱ्यात मन.

प्रथम शरीराचे पाहू. उडी मारून खाली येताना पायांवर वजनाच्या कित्येक पट भार पडतो. म्हणून तालमीच्या चांगल्या जागेत खाली पट्ट्या व पोकळी ठेवून लवचीक लाकडी जमीन करतात. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर रोज उड्या मारणाऱ्याच्या नडग्या व गुडघे दुखू लागतात. अंग तापविल्यावाचून ताण देणे, अर्धपोटी तालीम करणे, झोप मोडून सराव करणे, हे सारे त्याच हत्याराची धार घालविणारे आहे. ‘दुखते आहे’ म्हणणाऱ्या मुलास आळशी ठरविणारा शिक्षक आणि ताप आलेल्या मजुरास कामचुकार म्हणणारा मुकादम यांत आम्हांस फरक दिसत नाही.

पोट आणि शिक्षण यांचा संबंध किती निकट आहे, याचे एक जुने उदाहरण मुंबईचेच आहे. इप्टा ही नाट्यसंस्था १९४३ साली स्थापन झाली. तिच्या मध्यवर्ती पथकाला १९४४ पासून अंधेरी येथे शांती बर्धन नृत्य शिकवीत. ते उदय शंकर यांच्या अलमोड्याच्या केंद्रातून आले होते. निरनिराळ्या प्रांतांतील तरुण तेथे एकत्र राहत, जेवत व शिकत. त्यांतील अनेकांनी पूर्वी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांच्याकडून ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये उभी राहिली. राहण्याजेवणाची चिंता सर्वांनी मिळून वाहिली, म्हणून हे साधले, असे आम्ही मानतो. १९५२ साली बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप स्थापन केला. १९५४ साली ते वारले तेव्हा ‘पंचतंत्र’ अपुरे होते. ते गुल बर्धन, प्रभात गांगुली आदी सहकाऱ्यांनी पुरे केले आणि संस्था पुढे अनेक दशके चालविली. शिष्यांना केवळ पावले नव्हे, तर काम चालविणेही शिकविले होते, याची ही साक्ष होय.

अलीकडचे उदाहरणही मुंबईचे. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह यांना डान्सवर्क्स या संस्थेत येहुदा माओर या वृद्ध परदेशी शिक्षकाने बॅले शिकविले. अमीरुद्दीनला २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मनीषने फार उशिरा सुरुवात केली होती. तो पुढे समकालीन नृत्याकडे वळला. त्याच्यावरील ‘कॉल मी डान्सर’ हा माहितीपट २०२३ साली आला. गुणी मुलास टाळ्या वाजविणे सोपे आहे. परंतु वय पाहून त्याला योग्य वाट दाखविणे, त्याच्यासाठी दारे ठोठावणे, पैशाची तजवीज करणे, हेही शिकविण्याचेच भाग होत.

आता मनाचे. अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लेर्मन यांनी १९९० साली अभिप्रायाची एक रीत घालून दिली. तिच्या चार पायऱ्या आहेत. प्रथम पाहणारे काय भिडले, काय लक्षात राहिले ते सांगतात. मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. त्यानंतर पाहणारे विचारतात. पण प्रश्नात मत दडलेले नसावे. ‘इतके लांबविलेस कशाला?’ असे नव्हे, तर ‘लांबी ठरविताना मनात काय होते?’ असे. अखेरीस मत, तेही ‘सांगू का?’ असे विचारून आणि ‘नको’ ऐकण्याची तयारी ठेवून. आमच्या संघटनेच्या बैठकांत ही रीत असती, तर कित्येक तरुण कार्यकर्ते आमच्यापासून तुटले नसते.

गुरूबद्दल आदर असावाच. पण नृत्यात शिक्षकाला शिष्याच्या अंगाला हात लावून चूक सुधारावी लागते. तेव्हा आधी विचारण्यात गुरूचा मान कमी होत नाही. शिष्याला तिकिटाच्या कार्यक्रमात नाचविले, तर ते काम झाले आणि कामाचा मोबदला द्यावयास हवा. ‘अनुभव मिळतो ना!’ हे उत्तर गॅरेजातल्या शिकाऊ पोरांनाही मिळते, आणि तेथेही ते खोटेच असते.

म्हणून मुलामुलींना नृत्यवर्गात घालताना आपण नागरिकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. जमीन कशी आहे? दुखापत झाल्यास कोण पाहतो? चुकलेल्यास कसे बोलतात? कार्यक्रमाचे पैसे कोणाला मिळतात? होळीच्या फेरात चुकलेल्या पोराला कोणी बाहेर काढीत नाही. शेजारचा त्याचा हात धरून ठेक्यावर आणतो. शहरातील गुरूकडे आम्ही एवढेच मागतो.