मँटू फुगली म्हणजे टीबी झाला?

घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघतो, मग बाकीच्यांची तपासणी होते आणि कुणाच्या तरी हातावर टोचलेली मँटू ही त्वचेची चाचणी फुगते. गंगाखेड शहर असो की तालुक्यातला एखादा तांडा, पुढचं वाक्य ठरलेलं: "हिलाही लागला." ताट-तांब्या वेगळा होतो, जुळत आलेली सोयरीक थांबते. ऐकून ऐकून कान किटले. मँटूवरून टीबी ठरत नाही हो!

मँटू एवढंच सांगते की टीबीच्या जंतूंशी या शरीराची कधीतरी गाठ पडली आहे. जंतू आत असले तरी दबलेले. अशा माणसाला टीबीचा खोकला-ताप नसतो आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत हा संसर्ग आढळला. करा आता किती ताटं वेगळी करायची ती! त्यांतल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो. लागण ताजी असेल किंवा एचआयव्ही असेल तर धोका जास्त.

आजार नाही हे ठरवायला लक्षणं विचारतात, छातीचा फोटो काढतात, शंका आली तर बेडका तपासतात. यात काही निघालं नाही आणि मँटू फुगलेली असेल, तरच तो सुप्त संसर्ग. नुसत्या मँटूवर एकेटी, म्हणजे टीबीच्या आजाराची औषधं, सुरू करणं चूकच. महागडी इग्रा रक्ततपासणीही सुप्त आणि सक्रिय यांतला फरक सांगत नाही. तिच्यावरून आपल्यासारख्या देशांत टीबीचं निदान करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच बजावलं आहे.

"लाल झाली" म्हणून घाबरू नये. 48 ते 72 तासांनी मोजतात तो बोटाला लागणारा टणक फुगवटा, लाली नव्हे. तो साधारण 10 मिलिमीटर किंवा जास्त असेल, एचआयव्ही असेल तर 5, तरच मँटू फुगली असं धरतात. "बीसीजीमुळेच फुगली" हेही मोठ्यांच्या बाबतीत सहसा खरं नसतं. जन्मतः घेतलेल्या लशीचा परिणाम वर्षांगणिक ओसरतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सीवाय-टीबी चाचणीत तर तो गोंधळच नाही. मँटू फुगली नाही म्हणून सुटलो असंही नाही, लागणीनंतर काही आठवडे ती फुगत नाही. आणि प्रतिबंधक गोळ्या संपल्यावर पुन्हा टोचून बघू नये, ती बहुधा फुगतेच.

सुप्त संसर्गाचा पुढे आजार होऊ नये म्हणून द्यायच्या या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात: सहा महिने रोज, किंवा आठवड्यातून एकदा अशा 12 मात्रा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघायचं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं, म्हणजे कोर्स त्या बेताने ठरवता येतो.